ढेमशाचं अंतर

रोशनीचं लग्न फेब्रुवारीत झालं आणि ती कामठीला सासरी गेली. तिच्याबरोबर दोन बॅगा, शिलाई मशीन, पुस्तकांची तीन खोकी आणि कढीपत्त्याची एक कुंडी गेली. ढेमशा मात्र गेला नाही. जावई अश्विनच्या घरी आधीच दोन कुत्रे होते, आणि ढेमशाला दुसरा कुत्रा नुसता दिसला तरी त्याच्या अंगात यायचं. लग्नाआधी एकदा त्याला तिकडे नेऊन पाहिलं होतं. फाटकातून आत जायच्या आधीच त्यानं असा गोंधळ घातला की अश्विनच्या आईंनी हातातला पाण्याचा ट्रे तिथंच पायरीवर ठेवला आणि म्हणाल्या, "राहू द्या याले तुमच्याकडंच."

मग तो नागपुरात दिघोरीच्या ले-आऊटमध्येच राहिला, रोशनीच्या आईवडिलांकडे, म्हणजे सिंधूताई आणि रविंद्रभाऊ नंदेश्वर यांच्याकडे.

ढेमशा हे नाव सिंधूताईंनी ठेवलेलं. रोशनी वाडीला एका ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात कामाला होती. चार वर्षांपूर्वी तिथल्या गोदामामागं उभ्या असलेल्या ट्रकखाली तिला हे पिल्लू सापडलं. गोदामातल्या कुत्र्यांनी त्याला जवळजवळ संपवलंच होतं. डावा कान अर्धा गेलेला, मागच्या पायाला जखम. ओढणीत गुंडाळून, दोन ऑटो बदलून तिनं त्याला घरी आणलं. औषधपाणी झाल्यावर ते असं खायला लागलं की महिनाभरात पोटाखाली पाय दिसेनात. एक दिवस सिंधूताई भाजी चिरत बसल्या होत्या आणि ढेमशांच्या ढिगाशेजारी हे येऊन बसलं, तितकंच गोल. "पाह्य वं रोशनी," त्या म्हणाल्या, "याच्यात अन् ढेमशात काही फरक आहे का?" पुढं तो उंच झाला, बरगड्या मोजाव्यात इतका सडपातळ झाला, पण नाव राहिलं.

घरात ढेमशा म्हणजे साधू होता. ताटाकडं बघायचा नाही, पलंगावर चढायचा नाही. सिंधूताई टीव्ही बघत असल्या की त्यांच्या पावलावर हनुवटी ठेवून झोपायचा, आणि त्या पाय बधिर झाला तरी काढून घ्यायच्या नाहीत. बाहेरचा ढेमशा वेगळा होता. त्याला फिरवायचं काम रोशनीचं. रविंद्रभाऊंचा संबंध रात्रीच्या पोळीच्या शेवटच्या तुकड्यापुरता. आता ते काम त्यांच्याकडं आलं.

"त्यात काय आहे," ते म्हणाले. एसटीत एकतीस वर्षं ड्रायव्हर होते ते. नागपूर-उमरेड-भिवापूर मार्गावर एकही अपघात न करता निवृत्त झाले होते. "पंचावन्न माणसाची गाडी चालवली मी. हे तर एक कुत्रं आहे."

"गाडीले ब्रेक असते," सिंधूताई म्हणाल्या.

पहिल्या आठवड्यातच रविंद्रभाऊंच्या खांद्याचा सांधा दुखायला लागला. सकाळी सहाला ते निघायचे. पहिलं वळण नीट जायचं. मग कुठंतरी, एखाद्या फाटकाआड, एखाद्या उभ्या कारखाली कुत्र्याची शेपटी हलायची आणि ढेमशा दोन पायांवर उभा राहून दोरीच्या टोकाशी झेपा घ्यायचा. त्याचा आवाज चार गल्ल्या ऐकू जायचा. रविंद्रभाऊ दोरी जोरात ओढायचे आणि ओरडायचे, "गप. गप बस." त्यानं तो आणखी चेकाळायचा. बायका गच्चीवरून बघायच्या. एकीनं तर विचारलं, "भाऊ, रेबीज तर नाही ना?"

मार्चच्या शेवटी ती गोष्ट घडली.

दोन गल्ल्या सोडून बापूजी भोयर राहत. वय सत्तरच्या पुढं, उंच, पांढरी मिशी, लेंगा आणि वर स्वेटरचं जाकीट, उन्हाळ्यातसुद्धा. मूळचे उमरेडकडचे शेतकरी. शेती थोरला मुलगा बघायचा आणि ते धाकट्याकडं नागपूरला राहायचे. त्यांचा बादशा नावाचा पिवळा लॅब्राडोर होता, म्हातारा, जाड, सगळ्या जगावर प्रेम करणारा. बापूजी त्याला मोकळाच फिरवायचे.

त्या सकाळी रविंद्रभाऊ बांधकामाच्या गिट्टीच्या ढिगाजवळून वळले आणि समोरून बादशा शेपटी हलवत सरळ त्यांच्या दिशेनं यायला लागला.

"पकडा त्याले," रविंद्रभाऊ ओरडले.

"काही नाही करत जी माझा," बापूजी लांबूनच हात हलवत म्हणाले. "दोस्ती करू द्या त्यायले."

"तुमचा नाही करत, माझा करते ना."

तोवर बादशा पोचला होता. ढेमशानं अशी झेप घेतली की रविंद्रभाऊंचा पाय गिट्टीवरून घसरला आणि ते डाव्या हातावर पडले. दोरी त्यांनी सोडली नाही. पण तेवढ्या वेळात ढेमशाचे दात बादशाच्या कानाला लागले होते. बादशा केकाटत मालकामागं जाऊन लपला. कानातून दोन-तीन थेंब रक्त आलं.

मग दोन्ही माणसं बोलली, आणि बोलायला नको ते बोलली. "दोरी काहून नाही लावत तुम्ही? रस्ता तुमच्या वावरातला आहे का?" असं रविंद्रभाऊ जमिनीवर बसल्याबसल्या म्हणाले. बापूजी म्हणाले, "आठ वर्षांत कोणाले लागला नाही माझा कुत्रा. तुमचा पागल आहे. पिंजऱ्यात ठेवा त्याले, नाहीतर महानगरपालिकेले फोन करतो मी."

रविंद्रभाऊंच्या मनगटाचं हाड चिरलं होतं. सहा आठवड्यांचं प्लास्टर लागलं.

सिंधूताईंचे भाऊ उमरेडला असत. ते भेटायला आले आणि म्हणाले, "भाऊजी, माझ्याकडं द्या त्याले. मोठं अंगण आहे. साखळीनं बांधून ठेवीन, राखण होईल घराची." प्रस्ताव वाईट नव्हता. रविंद्रभाऊंनी रोशनीला फोन करून सांगितलं. ती म्हणाली, "बाबा, तुम्ही ठरवाल तसं." पण फोन तिनं ठेवला नाही. पलीकडं तिच्या सासरचा पंखा फिरल्याचा आवाज तेवढा येत होता. शेवटी रविंद्रभाऊच म्हणाले, "आठ दिवस पाहू अजून."

त्या आठ दिवसांत सिंधूताई ढेमशाला शेजारच्या रिकाम्या प्लॉटवर नेऊन आणायच्या. रविंद्रभाऊ प्लास्टरचा हात उशीवर ठेवून कूलरसमोर पडून असायचे. एप्रिलचं ऊन, खिडकीला खसची ताटी. एका दुपारी बाहेर कुत्र्यांचं भांडण लागलं. ढेमशा शेजारीच फरशीवर झोपला होता. तो उठला, आणि रविंद्रभाऊंना वाटलं, आता हा खिडकीवर जाणार. तो गेला नाही. त्यानं खिडकीकडं बघितलं, जीभ आत घेतली, आणि हळूच दिवाणाखाली सरकला. रविंद्रभाऊंनी वाकून पाहिलं. तो भिंतीला चिकटून बसला होता आणि थरथरत होता. अर्धा कान डोक्याला चिकटलेला.

"अरे," ते म्हणाले, "तू तर भेतो बे."

त्यांना नोकरीचं पहिलं वर्ष आठवलं. तेव्हा ते सारखा हॉर्न वाजवायचे. सायकलवाला दिसला की हॉर्न, बैलगाडी दिसली की हॉर्न, रिकाम्या रस्त्यावर झाडाला सुद्धा. त्यांचा कंडक्टर वयानं मोठा माणूस होता. एकदा पाचगावच्या थांब्यावर तो केबिनपाशी येऊन म्हणाला, "नंदेश्वर, एवढा काहून भेतो गा? समोरचा लांबून दिसला की गाडी हळू कर. हॉर्नचं कामच नाही पडत."

दिवाणाखाली हात घालून त्यांनी ढेमशाच्या पाठीवर ठेवला, आणि थरथर थांबेपर्यंत काढला नाही. संध्याकाळी सिंधूताईंच्या भावाला फोन करून त्यांनी सांगितलं की कुत्रा इथंच राहील.

प्लास्टर निघालं त्या आठवड्यात रोशनी आली आणि बापलेक ढेमशाला घेऊन डॉक्टर मयुराकडं गेले. मयुरा जनावरांची डॉक्टर, तिशीची, बारीक चणीची. दवाखाना छोटाच होता. तिनं ढेमशाकडं मुद्दाम पाहिलंच नाही. त्याला खोलीभर वास घेऊ दिला आणि तोवर रविंद्रभाऊंना विचारलं, "काका, किती पावलांवर त्याचं डोकं फिरते, ते मोजलं का?"

"पावलं?"

"समोर कुत्रा आहे. शंभर पावलांवर असला तर हा काय करते?"

रविंद्रभाऊंनी विचार केला. "पाहते. कान टवकारते."

"अन् दहावर?"

"दहावर तर विचारूच नका."

"मग या दोन्हीच्या मधी कुठंतरी त्याची रेघ आहे. रेघेच्या अलीकडं त्याले तुमचं ऐकू येते. पलीकडं नाही. तिथं ओरडून काही होत नाही, ओढून तर नाहीच. दोरी ताणली की त्याले वाटते, मालकबी घाबरला. तुमाले एवढंच करायचं आहे की त्याले रेघेच्या अलीकडं ठेवायचं. अन् तिथून त्यानं कुत्रा पाहिला, की लगेच तोंडात काहीतरी मस्त द्यायचं. रोज. एक दिवस त्याच्या डोक्यात बसेल की कुत्रा दिसला म्हणजे बावा आपली पार्टी आहे."

"किती दिवस लागतील?"

"ते त्याले विचारा," मयुरा म्हणाली आणि पहिल्यांदाच ढेमशाच्या छातीवरून हात फिरवला. त्यानं फिरवू दिला.

मेच्या उन्हात रविंद्रभाऊ साडेपाचलाच निघायला लागले. गळ्याच्या पट्ट्याऐवजी आता छातीचा पट्टा होता, दोरी लांब होती, आणि शर्टाच्या खिशात प्लास्टिकच्या डबीत कोंबडीच्या उकडलेल्या कलेजीचे तुकडे होते. सिंधूताई ते रोज रात्री करून ठेवायच्या, बिनमिठाचे, हरभऱ्याच्या डाळीएवढे. घरात कलेजीचा वास मुरला. रविंद्रभाऊंचे सगळे शर्ट कुत्र्यांना आवडायला लागले.

पहिल्या दिवशी रेघ चाळीस पावलांवर निघाली. विजेच्या एका खांबापासून दुसऱ्यापर्यंत साधारण तेवढं अंतर होतं, म्हणून हिशोब सोपा पडला. पुढच्या खांबापाशी कुत्रा दिसला की थांबायचं. ढेमशानं पाहिलं की कलेजी. कुत्रा जवळ यायला लागला की वळायचं. वळायच्या वेळी ओरडायचं नाही असं मयुरानं बजावलं होतं, गमतीत वळायचं, जणू तिकडं जास्त मजा आहे. रविंद्रभाऊंना गमतीचं काही सुचेना. शेवटी ते जिभेनं "टिंग टिंग" करायला लागले, कंडक्टर गाडी सोडताना दोनदा घंटी वाजवतो तसं. ढेमशाला ते पटलं. टिंग टिंग म्हटलं की तो गर्रकन वळायचा आणि डबीकडं बघत चालायला लागायचा.

पण रोज असं जमायचं नाही. कोपऱ्यावरच्या पानटपरीपाशी चार मोकाट कुत्री असत. त्यांच्यासाठी रविंद्रभाऊ दुसऱ्या खिशात टोस्ट ठेवायला लागले. लांबूनच मूठभर टोस्ट उलट्या दिशेला फेकायचे आणि ती चौघं तिकडं पळाली की गल्ली ओलांडून घ्यायचे. एकदा बंद फाटकाखालून अचानक एक पामेरियन बाहेर आला, आणि वळायला जागाच नव्हती. ढेमशानं सगळा ले-आऊट जागा केला. रविंद्रभाऊ घरी येऊन चपला न काढताच बसले.

"काय झालं?" सिंधूताईंनी विचारलं.

"पंधरा दिवसाचं पाण्यात गेलं."

"मार्चमधी तुमी याले शिव्या देत येत होते," त्या म्हणाल्या. "आज तुमीच रुसून आले. तो पाहा, मस्त पाणी पिऊन राहिला."

ले-आऊटच्या मागं एक रुंद रस्ता होता, अजून फारशी वस्ती नसलेला, एका बाजूला मोकळे प्लॉट. रविंद्रभाऊंनी तोच धरला. जूनच्या पहिल्या आठवड्यात त्याच रस्त्याच्या पलीकडच्या कडेनं बापूजी भोयर चालताना दिसले. बादशाच्या गळ्यात आता लाल दोरी होती. कान बरा झाला होता. बापूजींनी रविंद्रभाऊंकडं पाहिलं आणि मान वळवली. रविंद्रभाऊंनीही वळवली. ढेमशानं बादशाकडं पाहिलं, घशात गुरगुर केली, आणि कलेजीची वाट बघितली.

दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच, आणि तिसऱ्याही दिवशी. दोघांचीही वेळ तीच आणि दिशाही तीच. कोणी बदलायला तयार नव्हतं, कारण बदलणं म्हणजे हार. बादशा हळू चालायचा, ढेमशा भराभर, पण ढेमशाला थांबत थांबत न्यावं लागे, म्हणून शेवटाला दोघं बरोबरच पोचत. असे तीन आठवडे रस्त्याच्या दोन कडांनी चार जीव चालले आणि एक शब्द कोणी बोललं नाही.

मग एका सकाळी पलीकडून आवाज आला, "हात कसा आहे?"

रविंद्रभाऊंनी इकडंतिकडं पाहिलं. दुसरं कोणी नव्हतं. "बरा आहे," ते म्हणाले.

"काय?"

"बरा आहे म्हटलं," ते मोठ्यानं म्हणाले. "थंड पाण्यानं दुखते थोडा."

"हाड आहे ते. दुखंनच."

त्या दिवशी तेवढंच. दुसऱ्या दिवशी बापूजींनी विचारलं, कुत्र्याला सारखं काय चारता. रविंद्रभाऊंनी रस्त्याच्या या कडेवरून त्या कडेला मयुराची रेघ समजावून सांगितली, ओरडून. बापूजींनी ती दोनदा विचारून घेतली. मग थोडा वेळ चालून म्हणाले, "मी सोडायले नव्हता पाहिजे त्या दिवशी. मले वाटे, माझा गरीब आहे म्हणजे झालं. समोरच्याचं काय आहे, ते आपल्याले काय माहीत असते."

एवढं मोठं बोलणं समोरासमोर बसून कदाचित त्यांना जमलं नसतं. मध्ये साठ फुटांचा रस्ता होता म्हणून जमलं. रविंद्रभाऊ म्हणाले, "मी पण लय बोललो बापूजी. वावर काढलं तुमचं."

"वावर आहेच माझं," बापूजी म्हणाले. "तो काही अपमान नाही झाला."

त्यातूनच निघालं की बापूजींच्या मिरचीची पोती सोळा-सतरा वर्षं भिवापूरच्या गाडीच्या टपावरून जायची, आणि कधी टपावर जागा नसली की मागच्या सीटखाली. "ती गाडी मी चालवत होतो," रविंद्रभाऊ ओरडले. "उमरेडपर्यंत पूर्ण गाडी शिंकत जाय तुमच्यापायी." पलीकडं बापूजी इतके हसले की त्यांना खांब धरून उभं राहावं लागलं, आणि बादशा काळजीनं त्यांच्या तोंडाकडं बघायला लागला.

पावसाळाभर हे चाललं. छत्र्या घेऊनही चाललं. त्या रस्त्यावर नवीन राहायला आलेल्या एका बाईला वाटलं, दोन म्हातारे रोज सकाळी भांडतात. बाकीच्यांना सवय झाली. एका संध्याकाळी सिंधूताई भाजी घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "बापूजींचं पोट आता साफ होते म्हणे. त्रिफळा घेऊन राहिले."

"तुले कोणी सांगितलं?"

"तुमीच दोघांनी. पूर्ण ले-आऊटले सांगितलं."

रेघ आत आली होती. मेअखेर चाळीसाची तीस, जूनमध्ये वीस. रस्ताच तेवढ्या रुंदीचा होता, त्यामुळं त्याच्याखाली ती मोजायची वेळ आली नाही. ढेमशा आता सकाळी त्या रस्त्याला लागला की पलीकडं बघायचा. बादशा दिसला की रविंद्रभाऊंकडं बघायचा, म्हणजे काढा डबी. एखादा दिवस बादशाला उशीर झाला तर वळणापाशी रेंगाळायचा. इतर कुत्र्यांवरचं त्याचं मत बदललं नव्हतं.

नोव्हेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात पलीकडची कडा रिकामी दिसली. दुसऱ्या दिवशीही तसंच. तिसऱ्या दिवशी बापूजींची सून श्वेता घरी आली. बँकेत नोकरी करायची, ऑफिसची बॅग खांद्यालाच होती. बापूजींच्या छातीत दुखलं होतं, दवाखान्यात होते, दोन स्टेंट टाकले होते. जीव धोक्याबाहेर होता.

"पण काका, बादशा खात नाही," ती म्हणाली. "फाटकापाशी बसून आहे तीन दिवस झाले. फिरायला नेलं तर दोन घरं जाऊन बसकण मारतो. तीस किलोचं धूड आहे, मी उचलू कशी? बाबांना सांगितलं तर तिकडं त्यांचं टेन्शन वाढलं. ते म्हणाले, ड्रायव्हर साहेबांना विचार."

रविंद्रभाऊंनी ढेमशाकडं पाहिलं. तो सिंधूताईंच्या पावलावर झोपला होता. "उद्या सहा वाजता त्याले मागच्या रस्त्यावर आणता येईल का? गाडीत बसवून आणा पाहिजे तर. पलीकडच्या बाजूले उभं राहायचं. बस्स."

सकाळी धुकं होतं. श्वेतानं बादशाला कारमधून उतरवलं आणि तो उतरल्याजागी खाली बसला, मान पंजांवर. रविंद्रभाऊ या कडेनं आले. ढेमशानं पलीकडं पाहिलं, डबीकडं पाहिलं, कलेजी घेतली आणि चालायला लागला. बादशानं मान वर केली. तो उठला, अंग झटकलं, आणि त्यांच्याबरोबर, आपल्या कडेनं, आपल्या नेहमीच्या चालीनं निघाला. श्वेता दोरी धरून मागं. रस्त्याच्या शेवटापर्यंत गेला आणि परत आला. घरी जाऊन दूधभात खाल्ला असा तिचा फोन आला.

असे चार दिवस गेले. पाचव्या दिवशी श्वेताचा फोन वाजला. तो काढता काढता लाल दोरी तिच्या हातातून सुटली, आणि बादशा रस्ता ओलांडून यायला लागला.

"काका," एवढंच ती म्हणाली.

रविंद्रभाऊंना मागं वळता आलं असतं. त्यांनी वळायला पाऊल उचललंही. पण मागून दुधाची गाडी येत होती आणि एका बाजूला नाली होती. हात आपोआप दोरीवर आवळला. मग त्यांनी तो सैल सोडला. आयुष्यात इतकं अवघड काही त्यांनी केलं नव्हतं. दोरी लोंबती ठेवून ते ढेमशाच्या पुढं आले, बादशाकडं तोंड करून, आणि डबीतले निम्मे तुकडे बादशाच्या वाटेत फेकले.

बादशा थांबला. कलेजी हुंगली, एकेक करून खाल्ली. मग मान दुसरीकडं वळवून, अंग आडवं करून, जमीन हुंगत उभा राहिला, जणू तो इथं गवतासाठीच आला होता. ढेमशा रविंद्रभाऊंच्या पायाआडून बघत होता. त्याच्या पाठीवरचे केस उभे होते. तो एकदा भुंकला, तोही अर्धाच. आणि मग त्यानं मान वर करून रविंद्रभाऊंच्या तोंडाकडं पाहिलं.

"हो रे बापा," रविंद्रभाऊ म्हणाले. "हो. घे." उरलेली सगळी डबी त्यांनी त्याला तळहातावरून खायला दिली. मग टिंग टिंग केलं आणि चालायला लागले. बादशा मागून आला. श्वेता धावत येऊन दोरी उचलायला लागली तेव्हा त्यांनीच हातानं थांबवलं. ढेमशा दर थोड्या वेळानं मागं वळून बघत होता, पण चालत होता. रस्त्याच्या शेवटी एक सिमेंटची पुलिया होती. तिच्या कठड्यावर रविंद्रभाऊ बसले.

त्यांनी दवाखान्यात फोन लावला. मुलानं बापूजींच्या कानाशी धरला.

"किती पावलं?" सगळं ऐकून बापूजींनी विचारलं. आवाज बारीक झाला होता.

"सहा. नाहीतर सात."

मग बापूजी म्हणाले, "ढेमशाले सांगा, म्हाताऱ्यानं आशीर्वाद दिला."

बापूजी डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात पहिल्यांदा बाहेर पडले. माकडटोपी, मफलर, वरून शाल. डॉक्टरांनी रोज दहाच मिनिटं चालायला सांगितलं होतं. मागच्या रस्त्यापर्यंत जाण्याची परवानगी नव्हती, म्हणून रविंद्रभाऊच ढेमशाला घेऊन त्यांच्या गल्लीत गेले. गल्ली अरुंद होती. दोन कडांना चालून काही उपयोग नव्हता. तेव्हा दोघं माणसं मधून चालली, बादशा बापूजींच्या उजवीकडं आणि ढेमशा रविंद्रभाऊंच्या डावीकडं.

पहिल्यांदाच ते एकमेकांच्या इतक्या जवळ होते. रविंद्रभाऊंना आत्ता दिसलं की बापूजींच्या मिशीत एक काळा केस अजून शिल्लक आहे. बापूजी सवयीनं मोठ्यानं बोलायला लागले, "थंडी लय पडली औंदा," आणि शेजारच्या घरातला माणूस दचकून खिडकीशी आला. दोघांनीही आवाज खाली आणला. खालच्या आवाजात काय बोलावं ते मात्र दोघांनाही सुचेना. म्हणून ते तसेच चालले. कुत्र्यांच्या नखांचा गल्लीतल्या सिमेंटच्या गट्टूंवर आवाज होत होता.

बापूजींच्या फाटकापाशी आल्यावर रविंद्रभाऊ थांबले. समोरच्या घरातून कोणाचातरी कुत्रा भुंकला आणि ढेमशानं लगेच त्याला सडेतोड उत्तर दिलं. बादशा शांतपणे दोघांकडं बघत राहिला.

"चहा घेता का?" बापूजी म्हणाले. "मले बिनसाखरेचा आहे. तुमाले चांगला देईल श्वेता."

"याले घेऊन कुठं आत येऊ. बादशाचं घर आहे. आज नको त्याले एवढं."

बापूजींनी थोडा विचार केला. मग आत आवाज दिला, "श्वेता, दोन खुर्च्या आण वं. एक फाटकाच्या आत, एक बाहेर."

तिनं आणल्या. बापूजी आत बसले, बादशा त्यांच्या खुर्चीखाली. रविंद्रभाऊ रस्त्याकडंच्या खुर्चीवर बसले. ढेमशा बराच वेळ उभाच होता. चहा येईपर्यंत तो बसला, आणि चहा निम्मा झाल्यावर फाटकाकडं पाठ करून आडवा झाला. रविंद्रभाऊंनी बशीतला बिस्किटाचा तुकडा मोडला, अर्धा त्याच्यापुढं ठेवला आणि अर्धा फाटकाच्या गजांतून आत दिला.